रात्रीच्या वाती

बारा वाजून चाळीस मिनिटं. पहिल्या खेपेला मोबाइलवर दिसलेली ही वेळ माझ्या डोक्यात कायमची बसली आहे. अकराला दिवा घालवून झोपले होते, झोपही छान लागली होती. आणि कुणी खांदा धरून गदागदा हलवावं तशी मी एकदम अंथरुणात उठून बसले. धडधड नुसती छातीत नव्हती. ती कानात होती, दातांत होती, डोळ्यांच्या मागे होती. श्वास घेत होते, पण तो आत पोचतच नव्हता. अंगाला दरदरून घाम आणि पाय मात्र गारठलेले. बोटांच्या टोकांना मुंग्या, ओठांच्या कडांनाही मुंग्या. आणि या सगळ्याच्या तळाशी एक पक्की खात्री, की आपण आत्ता, या मिनिटाला मरतोय.

स्वप्न पडलं नव्हतं. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत आले, कारण तीच गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटली होती. वाईट स्वप्नाला निदान काहीतरी हकिगत असते. कुणी मागे लागलेलं असतं, परीक्षेचा पेपर कोरा राहिलेला असतो. जाग आली की हकिगत संपते आणि आपण घोटभर पाणी पिऊन कूस बदलतो. इथे हकिगतच नव्हती. कारणाशिवायची, चेहरा नसलेली नुसती भीती होती, आणि मी जागी झाल्यावर ती संपायच्या ऐवजी सुरू झाली होती.

हे उठले, दिवा लावला, माझा हात हातात घेतला आणि तो किती गार आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. वीस मिनिटांत आम्ही रिक्षाने हॉस्पिटलात होतो. डोंबिवलीचे रस्ते इतके रिकामे मी कधी पाहिले नव्हते. ईसीजी काढला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं. सगळं व्यवस्थित. पहाटे ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला. टेन्शन घेऊ नका." ते सज्जन होते, रात्रभर जागे होते. पण 'काही नाही' हे शब्द घेऊन घरी परतताना मला जे वाटलं, ते अपमानाच्या फार जवळचं होतं. मी मरणाच्या दारातून आले होते आणि कागदावर तिथे दारच नव्हतं.

तरीही सांगते, पहिल्या वेळी हॉस्पिटलात गेलो ते योग्यच केलं. छातीत असं काही पहिल्यांदा झालं तर घरच्या घरी निदान करू नये, १०८ ला फोन करावा. पुढे थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, घोरण्यात श्वास अडकतो का, हेही तपासून घ्यावं. त्यातलं काही नाही असं ठरलं की मग या दुखण्याला नाव मिळतं.

आणि ते नावही कसं! पॅनिक अटॅक. आपल्याकडे 'अटॅक' म्हटलं की दुसरा अर्थ निघत नाही. 'जोशीकाकांना अटॅक आला' म्हटल्यावर कसला, असं कुणी विचारत नाही, थेट कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय ते विचारतात. त्यामुळे ज्या आजारात हृदयाला काही झालेलं नसतं, त्याच्या नावातच आपण हृदयविकार घालून ठेवला आहे. रात्री पावणेएकला तो शब्द मनात येतो आणि छाती आणखी उसळते. आपली जुनी बोली याहून नेमकी होती असं मला वाटतं. जीव घाबरा झाला, जीव कासावीस झाला, जीव खालीवर होतोय, काळजात धस्स झालं, धडकी भरली. यातल्या एकाही शब्दात मरण नाही. जीव घाबरतो, जात नाही.

त्या पहिल्या दीड महिन्यात असं आणखी चारदा झालं. मग रात्रच नकोशी झाली. साडेदहा वाजले की पोटात गोळा यायचा. मी मुद्दाम भांडी घासत बसायचे, ऑफिसचे हिशेब काढायचे, टीव्ही चालू ठेवून खुर्चीतच पेंगायचे. झोप ही आपल्याला दगा देणारी गोष्ट झाली, की माणसाला टेकायला जागाच उरत नाही. दिवसाची भीती असेल तर माणूस बाजार टाळतो, लोकल टाळतो. झोप कुठवर टाळणार?

शेवटी ठाण्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "झोपल्यानंतर किती वेळाने होतं?" मी म्हटलं, दीड-दोन तासांनी. त्या जरा हसल्या. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतो तसं. म्हणाल्या, बहुतेकांना तेव्हाच होतं. झोपेच्या पहिल्या तीनेक तासांत, हलकी झोप गाढ झोपेत उतरत असते त्या उंबरठ्यावर. स्वप्नांची झोप पहाटेकडे दाट होत जाते, म्हणून तुम्हाला स्वप्न आठवत नाही. तिथे ते नव्हतंच. पॅनिकचा त्रास असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना कधी ना कधी असं झोपेतून उठवलं जातं. हे ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं. इतके दिवस मला वाटत होतं की हे फक्त आमच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्याच पलंगावर घडतंय.

मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. तिथून ॲड्रेनलिन रक्तात येतं, हृदय जोरात चालू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं, म्हणून हातपाय गार. आपण भराभरा श्वास घेतो, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि त्याच्या कमतरतेने बोटांना नि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे हवा पुरत नाही असं वाटतं तेव्हा खरं तर आपण हवा जास्त घेत असतो. हा झटका सहसा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. पण तेवढ्यात आपलं मन त्या बिनहकिगतीच्या भीतीला हकिगत जोडतं: हार्ट अटॅक, वेड, मरण. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली नेमकं हेच मांडलं, की शरीरातल्या साध्या खुणांचा मन भलता, टोकाचा अर्थ लावतं आणि त्या अर्थाने खुणा आणखी वाढतात.

उपचारही असे, की सुरुवातीला मला धक्का बसला. भर दुपारी, त्यांच्यासमोर, मला एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. बोटांना मुंग्या आल्या. अगदी त्याच. पुढच्या खेपेला नाक दाबून स्ट्रॉमधून श्वास, मग जागच्या जागी धावणं. मी घाबरून थांबले की त्या म्हणायच्या, "येऊ द्या. बघू कुठवर जातंय." धडधड यायची, चढायची, आणि खिडकीबाहेरच्या उन्हात, पंख्याच्या घरघरीत, आपली आपण उतरायची. गोळ्याही दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील हे आधीच सांगितलं, आणि पटकन शांत करणाऱ्या गोळीची सवय लागते म्हणून ती मोजून-मापून. गोळी घेण्यात कमीपणा नाही, हे मला कळायला वेळ लागला. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू का, असंही मी विचारलं होतं. नको म्हणाल्या, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असला तर ते घातक ठरतं.

इथवरचं सगळं डॉक्टरांचं. यापुढचं आईचं.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे, भावाकडे साताऱ्याला असते. तिला काळजी नको म्हणून मी काही महिने बोललेच नव्हते. एका रविवारी फोनवर कसं कोण जाणे तोंडून गेलं, की हल्ली रात्री घाबरून जाग येते, जीव वर आल्यासारखा होतो. पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "पहिल्या झोपेतच ना?"

"तुला कसं कळलं?"

"मला नाही व्हायचं का!"

"तुला व्हायचं, आई?"

"व्हायचं म्हणजे काय, अजून होतं की."

वाईचं आमचं घर माझ्या डोळ्यांसमोर आलं. माजघरात झीरोचा बल्ब. मी सात-आठ वर्षांची, पाणी प्यायला उठलेली. आणि आई भिंतीला टेकून, मांडीवर जुनं पातळ पसरून कापसाच्या वाती वळते आहे. शेजारी वाटीत बोट ओलं करायला दूध. ओठ पुटपुटताहेत. मला वाटायचं, आईने लक्षवातींचा नेम धरलाय. आजीही कौतुकाने सांगायची, आमच्या सूनबाईला देवाचं फार, रात्रीचं जागून वाती करते. शंभर-शंभरच्या पुड्या करून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरायची. लाख केव्हाच झाल्या असणार. त्रिपुरी पौर्णिमेला देवळात द्यायची आणि परत मोजायला सुरुवात. चाळीस वर्षं मी ज्याला भक्ती समजत होते, ते माझ्या आईचं रात्र काढणं होतं. भक्ती नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यापाशी ह्या दोन गोष्टी वेगळ्या नसाव्यात.

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुझ्या आजीने एकदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग मीच म्हटलं, येतोय जीव वर तर येऊ दे. बसू दे शेजारी. आपण हाताला काम द्यावं."

बसू दे शेजारी! ठाण्याच्या बाई महिनाभर मला जे शिकवत होत्या, ते वाईच्या माजघरात कुणी न शिकवता चाललं होतं. पुढे मला क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टर बाईबद्दल वाचायला मिळालं. तरुणपणी तिला चुकून क्षयाची शंका घेऊन सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि ती छातीच्या धडधडीने हैराण झाली. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राने तिला सांगितलं, की ही धडधड भीतीची आहे, खंदकात आम्हालाही व्हायची. तेवढ्या एका वाक्याने ती सावरली. १९६२ साली तिने लोकांसाठी पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा एवढाच: सामोरं जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. आणि उतारवयातही तिला रात्री अशी जाग यायची, हे तिने लपवलं नाही. तिला माझी आई भेटायला हवी होती.

आईने भावाबरोबर तो डबा माझ्याकडे पाठवला. झाकणावरचं चित्र पुसून गेलंय, आत थोडा कापूस, सरकी काढलेला.

आता वातींनी माझी भीती पळून गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले काही दिवस मी वाती हत्यारासारख्या वापरल्या. जाग आली की झपाट्याने डबा उघडायचा, दात आवळून वळायचं, आणि दर दोन वातींनी आत डोकावायचं: गेली का? ती जायची नाही. पहारा ठेवला की ती बसूनच राहायची. बधिर बोटांतून कापूस निसटायचा, वात मधेच गाठाळायची, तुटायची. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, घालवायला नसतात वळायच्या. वाती वाती म्हणून वळायच्या."

हे अंगवळणी पडायला पाऊसकाळ गेला. आता जाग येते तेव्हा मी दिवा लावत नाही, देवघरातल्या लाल बल्बाचा उजेड पुरतो. चिमूटभर कापूस घ्यायचा. दोन्ही हातांच्या बोटांनी तो हळूहळू विंचरायचा, तंतू एका दिशेला येईपर्यंत. मधे बारीक कस्तर लागते, ती काढायची. टोकाला दुधाचं बोट लावायचं आणि अंगठा व तर्जनीत फिरवायचं. घाई केली की कापूस लगेच सांगतो. पहिल्या तीन-चार वाती वेड्यावाकड्या होतात. त्याही मी टाकत नाही. धडधड चालू असते, ती तिची चालू असते. कधी आईसारखी रामरक्षा पुटपुटते. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्या तेवीस जणांचा श्वास मोजला होता. म्हणता म्हणता तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. आईने कुणाचा श्वास मोजला नव्हता. ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहायचा, एवढंच तिला माहीत होतं. दहाव्या-बाराव्या वातीला केव्हातरी बोटांना कापसाचा मऊपणा परत कळू लागतो. मुंग्या गेल्या हे मला असं, नंतर लक्षात येतं.

यांना पूर्वी माझ्याबरोबर जागावंसं वाटायचं, काय करू, काय करू असं व्हायचं. मी सांगितलं, काही करू नका, फक्त 'काही नाही' म्हणू नका. आता ते झोपेतच एक हात माझ्या पाठीशी टेकवून ठेवतात.

ठाण्याला जाणं आता महिन्यातून एकदा आहे. गोळी कमी झाली आहे. रात्री जाग येणंही कमी झालं आहे. आणि रोज सकाळी सात वाजता, चहा होता होता, साताऱ्याहून फोन येतो. तब्येत कशी आहे, असं आई विचारत नाही.

"किती गं झाल्या?"

"सतरा. तुझ्या?"

"माझ्या अकरा. थंडी होती, बोटं चालत नव्हती."

परवा मी म्हटलं, "आज एकही नाही, आई. सरळ सहाला उठले."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "माझ्या नऊ आहेत. त्यातली एक लावते आज तुझ्या नावाची."