वाघाचे शेजारी

ताडोब्याहून परत आल्याला सहा महिने होऊन गेले, तरी भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "काय प्राध्यापक, वाघ दिसला का?" नाही म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा उमटते की जणू मी पंढरपूरला जाऊन विठोबाचे बंद दारच पाहून आलो! पहिल्या महिन्यात मी खुलासे करीत असे. आता नुसता हसतो.

जायचा बेत धाकटीचा. परीक्षा आटोपल्या होत्या, मार्चअखेरची चार दिवसांची सवड होती. जंगलाच्या तोंडाशी असलेल्या विश्रामगृहांचे दर पाहून मी पुस्तकाच्या कपाटाकडे पाहिले आणि बेत रद्द करणार, तोच सौ.च्या ओळखीतून मोहर्लीच्या बाजूच्या एका गावात पाहुणे ठेवणारे घर मिळाले. दोन खोल्या, अंगण, शेणाने सारवलेली ओटी, आणि जेवण घरचे. रेल्वेने रात्र काढून आम्ही चंद्रपूरला उतरलो ते भट्टीत उतरल्यासारखे. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला वीज केंद्राची धुराडी. या शहरापासून तासाभराच्या वाटेवर वाघ राहतो, हे डोळ्यांना खरे वाटत नाही.

ताडोबा हे महाराष्ट्राचे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ चे. १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० साली त्याच्याभोवती बफरचा पट्टा आखला गेला. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचा, आणि भोवतीचा बफर अकराशेंचा. म्हणजे वाघाच्या घरापेक्षा त्याचे अंगण मोठे. या अंगणात गावे आहेत, धानाची वावरे आहेत, गुरे आहेत, शाळा आहेत. आम्ही उतरलो ते गाव या अंगणातले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जिप्सीतून आत गेलो. मोबाईल वापरायला बंदी, त्यामुळे धाकटी पहिली दहा मिनिटे हात तुटल्यासारखी बसली होती. आमची वाटाडी गावातलीच, तिशीची बाई. खाकी कपडे, पायांत बूट, गळ्यात दुर्बीण. रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात, ते गोंडराजांच्या काळचे, असे तिने दाखविले. ऐन, धावडा, बीजा, बांबूची बने. मध्येच एखादे पांढरेफटक कुलूचे झाड, ज्याला इथे भुताचे झाड म्हणतात. तळ्यावर मगर पडली होती, सांबरे होती, रानगव्यांचा कळप होता. एकदा वानराने खोकल्यासारखा आवाज काढला आणि जिप्सीतल्या सगळ्यांचे श्वास थांबले. पंधरा मिनिटे आम्ही एका झुडपाकडे पाहत बसलो. झुडूप झुडूपच राहिले.

"वाघ आतच आहे," वाटाडी हलकेच म्हणाली, "तो आपल्याले पाहून राह्यला. त्याचं मन झालं तर येते, नाही तर नाही येत."

'वाघ येते!' मी मराठी शिकविणारा, माझे कान वाघाऐवजी त्या क्रियापदाकडे गेले. झाडीपट्टीची ही बोली वर्गात 'प्रादेशिक भेद' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकणारा मी, तिथे जिप्सीत ती कानभर ऐकत होतो.

ताडोबा हे नाव कसे पडले तेही तिनेच सांगितले. तारू नावाचा गोंडांचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला, आणि तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले. तारूचा ताडोबा. पौषात त्याची जत्रा भरत असे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघाचे जंगल ओळखले जाते! मला यात काहीतरी गहन दिसले आणि मी तसे बोललो. ती म्हणाली, "सर, इथं तर दर गावात तारू आहे. देऊळ सगळ्याइचं नाही बांधत."

एवढे बोलून ती पुढे पाहू लागली.

त्या वाक्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. हा मोहाचा मोसम. मोहाची फुले रात्री टपटप पडतात आणि उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाही तर गुरे आणि हरणे खाऊन जातात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची जुनी रीत आहे, आणि त्या ठिणगीने पुष्कळदा जंगलच पेटते. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथली म्हातारी, जिला सारे गाव 'माय' म्हणते, पहाटेच पाच-सहा बायांबरोबर गेली होती. आठाच्या सुमारास टोपली डोक्यावर घेऊन आली. हातात काठी, आणि कमरेला एक पत्र्याचा डबा बांधलेला.

"डबा कशाला हो, माय?" सौ.ने विचारले.

"वाजवाले. एकीनं वाजवाचं, बाकीच्याइनं वेचाचं."

वाकून फुले वेचणारा माणूस मागून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. वाघ माणूस समजून झडप घालीत नाही, वाकलेले काहीतरी समजून घालतो, असे जाणकार सांगतात. मायची जाऊ तीन वर्षांपूर्वी अशीच वाकलेली असताना गेली. आमची वाटाडी ही त्या जावेची सून. सासू वाघाने नेली आणि सून वाघ दाखविते! मी दोन दिवस त्या बाईला "वाघ केव्हा दिसेल हो?" म्हणून भंडावले होते, ते आठवून मला जेवण गेले नाही.

घरात दोन तट आहेत, हे हळूहळू कळले. वाटाडीचा दीर तिच्याशी धड बोलत नाही. आईला खाणाऱ्याची चाकरी करते, असे त्याचे म्हणणे. तिचे म्हणणे वेगळे. "वाघ नसता तर मी काय केलं असतं? तेंदू तोडला असता. मंग मी बी वाकलीच असती ना!" तिच्या पगारावर दोन मुले शिकतात, त्यातला एक मुलगा दिराचा आहे.

मेलेल्या माणसाचे पैसे मिळतात. २०२२ साली ही रक्कम २० लाखांवर नेली आणि त्यानंतर आणखी वाढविली. काही हातात, बाकीची मुदतीच्या ठेवीत. गाय मारली तर तिचेही मिळतात. पण सांगाडा जागेवर हवा, पंचनामा व्हायला हवा, कागद पुढे सरकायला हवा. पुण्यात आमच्या सोसायटीत एकाला कुत्रा चावला तेव्हा तीन सभा झाल्या आणि एक वकील नेमला गेला. इथे २०२५ च्या मे महिन्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. आणि तेंदूचा हंगाम थोड्याच दिवसांचा, म्हणून बाकीच्यांना जंगल टाळून भागण्यासारखे नव्हते.

महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ निघाले. या आकड्याने मी पूर्वी आनंदत असे. अजूनही आनंदतो. पण त्या वाढलेल्या वाघांना राहायला जागा कुणी दिली, हा प्रश्न मायच्या ओटीवर बसल्याशिवाय मला सुचला नव्हता. गाभ्यातली नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावे आपली घरे सोडून बाहेर आली. बफरमधल्यांनी घरे सोडली नाहीत, पण रात्रीची झोप सोडली. धान उभे असले की रानडुकरे आणि चितळ येतात, त्यांच्या मागे वाघ, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये जागलीला बसलेला शेतकरी!

सरकारने काहीच केले नाही असे मुळीच नाही. २०१५ पासून अशा गावांसाठी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून गॅस आला, संडास आले, वावराला सौरकुंपण आले. सरपण कमी लागले की बाया जंगलात कमी जातात, हा हिशेब सरळ आहे. मायच्या चुलीशेजारी लाल सिलिंडर उभे होते. त्याच्यावर धुतलेले पातेले पालथे घातले होते. "भरलेलं आहे का?" विचारले तर म्हणाली, "पाव्हणे आले का पेटवतो." आम्ही पाव्हणे होतो. चार दिवस चहा गॅसवरच झाला.

योजनेशिवाय आणखी एक ओघ आहे. फाटकांवर आमच्यासारख्यांकडून जे पैसे जमतात त्यातला वाटा गावाच्या समितीला मिळतो. आमच्या तिसऱ्या संध्याकाळी या समितीची सभा ग्रामपंचायतीसमोर कडुनिंबाखाली भरली, आणि वाटाडीने मला नेले. वनरक्षक वही घेऊन खुर्चीवर, बाकी मंडळी सतरंजीवर. एका म्हाताऱ्याला मारुतीपुढे सभामंडप हवा होता. जिप्सी चालविणाऱ्या पोरांना रस्त्यावर दिवे हवे होते. वावरवाल्यांना कुंपणच हवे होते, आणि त्यांचे बहुमत होते. ठराव लिहिला जाणार, एवढ्यात मागे बसलेली माय उठून उभी राहिली.

"ज्याले वावरच नाही, त्याले कुंपन काहाचं?"

कुणीतरी हसले. ती हसली नाही. तिने बोटांवर घरे मोजली. बिनजमिनीची घरे अकरा. वाघाने गेलेली माणसे त्याच घरांतली. कारण मोह आणि तेंदू तीच वेचतात. कुंपणाने रानडुक्कर थांबेल, पण माय वावरात मरणार नव्हती, ती जंगलात मरणार होती. तिला मोहाखाली बांधायच्या जाळ्या हव्या होत्या. फुले जाळीत पडतात, वाकावे लागत नाही, पाला जाळावा लागत नाही. ऊन वर आल्यावर गेले तरी चालते. दुसऱ्या कुठल्या गावात तिने हे पाहिले होते.

मग जी बाचाबाची झाली ती मला पुरती समजली नाही, बोली फार वेगात धावू लागली. जंगलातले झाड कुणाचे, जाळी कुणी बांधायची, चोरीला गेली तर कुणी भरायची, हा मुद्दा खराच अवघड होता. वनरक्षक पोरगेलासा, बिचारा, वहीत लिहायचा आणि खोडायचा. वाटाडीचा दीर इतका वेळ गप्प होता. तो उठला आणि म्हणाला, पहिल्या वर्षी जाळ्यांची राखण मी करतो. वावर त्याच्याकडेही नाही. भावजयीकडे मात्र त्याने पाहिले नाही. सभा पुढच्या आठवड्यावर गेली.

शेजारून पाच कोसांवरून आलेला एक मनुष्य मागे उभा राहून ऐकत होता. त्याच्या गावाजवळ फाटक नाही, म्हणून गाड्या जात नाहीत आणि फाटकाचा वाटाही येत नाही. "वाघ मात्र तोच येते जी," तो मला म्हणाला. यावर वनरक्षकाजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याजवळ तर नव्हतेच.

निघताना मायने सौ.च्या पिशवीत वाळवलेल्या मोहाचा पुडा घातला. पैसे द्यायचे कसे, यावर आमची नवराबायकोची कुजबुज झाली. शेवटी धाकटीने सरळ वाटाडीलाच विचारले. तिने हिशेबाची पावती दिली आणि वरचे शंभर रुपये परत केले.

श्रावणात तिचा फोन आला. वावरवाल्यांची कुंपणे झाली, दिवे झाले नाहीत, सभामंडप पुढच्या वर्षी. जाळ्यांचे पैसे मंजूर झाले, पण अकरा घरांना मिळून सहाच. त्यावरून पुन्हा भांडण झाले. आता पाळीपाळीने वापरायच्या असे ठरले आहे, आणि पहिली पाळी कुणाची यावर चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. दीर अजून बोलत नाही, पण जाळ्या त्याच्या घरी ठेवल्या आहेत.

"आणि सर," ती शेवटी म्हणाली, "तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच झुडपातून वाघीण निघाली. दोन बच्चे होते संगं."

मी हे सौ.ला अजून सांगितलेले नाही.