मोहरीचा झणका आणि चापड्याची खाच

पौड, माले मागे पडले, ताम्हिणीच्या अलीकडे गाडीचे दिवे मालवले, की पाचेक मिनिटे काहीच दिसत नाही. मग एखाद्या हिरड्यावर ठिणगी उडते. दुसरी, तिसरी. डोळे अंधाराला सरावेपर्यंत अख्खे झाड लुकलुकू लागलेले असते. मे महिन्याच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत मुळशीत हा उत्सव चालतो.

काजवा हा एक भुंगेराच. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नसतेच. नर लुकलुकून साद घालतो, मादी ठरावीक वेळाने लुकलुकून उत्तर देते. आयुष्याचा मोठा भाग मात्र अळीच्या रूपात, ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खात जातो. पंख फुटल्यावर हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. म्हणून झाडावर मोबाईलची विजेरी रोखणारी माणसे पाहिली की जीव तुटतो. त्या झोतात मादीचे उत्तर नराला दिसतच नाही, आणि वाया घालवायला त्याच्याजवळ रात्री नसतात.

पाऊस स्थिरावला की ओढ्याकाठच्या कारवीत आणि बांबूच्या बेटांत चापडा दिसू लागतो. दिसू लागतो म्हणायचे इतकेच. त्या हिरव्या अंगावर नजर ठरायला सराव लागतो. शेपटीचा विळखा फांदीला, डोके त्रिकोणी, तासन्‌तास हालचाल नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खोल खाच असते आणि तिच्यात कागदाहून पातळ पडदा ताणलेला असतो. उंदराच्या अंगाची ऊब त्या पडद्यावर पडली की मिट्ट काळोखातही भक्ष्य कुठे आहे ते सापाला कळते.

ही ऊब टिपते कोण? 2010 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चापड्याच्या भाऊबंदांपैकी रॅटलस्नेकच्या मज्जातंतूंत त्याचे उत्तर शोधले. टीआरपीए-1 नावाचे ते प्रथिन माणसातही आहे. आपल्यात ते मोहरीचा तिखटपणा ओळखते. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकातून थेट डोळ्यांत जाणारा झणका ज्याच्यामुळे जाणवतो, त्याच्याच भावंडाच्या जोरावर हे साप अंधारात शिकार करतात. इतकी वर्षे साप पाहिले, तरी हे वाचले त्या दिवशी मी फडताळातली मोहरीची बरणी काढून कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत बसलो होतो.

चापड्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच येतो, पण सूज आणि वेदना फार. आपल्याकडचे नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनते. चापडा त्यात धरलेला नाही. तेव्हा कारवीत हात घालण्याआधी नीट पाहावे, आणि दंश झालाच तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

मला सर्वांत लोभस वाटतो तो खापरखवल्या. हा बिनविषारी साप जमिनीखाली गांडुळे खाऊन जगतो आणि अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. शेपूट कुणी तिरकी छाटल्यासारखी. तिच्या खरखरीत टोकावर माती चिकटून बसते आणि बिळाला मागून बूच बसल्यासारखे होते. दुतोंड्या समजून त्याला मारणारे अजूनही भेटतात. त्याच्या अंगाच्या पुढच्या भागातले स्नायू लाल, न दमता माती रेटणारे. मागचे पांढुरके, नुसते मागोमाग ओढले जाणारे. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून हे कुळ जगात कुठेच नाही. 2016 मध्ये याच कुळातल्या एका नव्या सापाला पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव मिळाले: मेलानोफिडियम खैरेई.

आषाढात बिळांत पाणी शिरले की खापरखवल्या घाटरस्त्यावर येतो, आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांखाली चिरडला जातो. मागच्या पावसाळ्यात एक जिवंत सापडला. उचलला तेव्हा चावला नाही. बोटांना विळखा घालून टोकदार डोके दोन बोटांच्या फटीत खुपसत राहिला, जणू तीही मातीच होती. कडेच्या पाचोळ्यावर ठेवला. आधी डोके दिसेनासे झाले, मग चमकते अंग, आणि शेवटी शेपटीवरची मातीची टोपी.