आमची टीम

मला फुटबॉलचा नाद आहे असे सांगितले, की माझे पुण्याचे स्नेही आधी हसतात आणि मग विचारतात, “पासलीला?” त्यांचे हसणे मी मनावर घेत नाही. वेल्हे तालुका (आता त्याचे नाव राजगड तालुका झाले आहे) म्हणजे तोरणा, राजगड, पाऊस आणि भात, एवढेच त्यांना ठाऊक. मढे घाट पाहायला जाताना त्यांची मोटार आमच्या गावावरून जाते, आणि मोटारीतून पाहणाराला फुटबॉल खेळता येईल अशी एकही जागा दिसत नाही, हेही खरेच. आमची जमीन एक तर चढते, नाहीतर उतरते. चेंडू खाली ठेवला, की तो आपला ओढ्याकडे निघतो. त्याला लाथ मारण्याची गरजच पडत नाही.

सपाट जागा एकच, भाताचे खाचर. तेही दिवाळीपर्यंत भाताचे. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की पोरे मालकाच्या मागे लागतात. मालक आधी ‘नाही’ म्हणतो आणि मग “बांध फोडायचा न्हाई” असे बजावून ‘हो’ म्हणतो. कारवीच्या काठ्या रोवल्या की गोल झाला. बांध हीच हद्द. धसकटांतून अनवाणी धावताना पोरांचे पाय रक्ताळतात. माझेही रक्ताळले होते, माझ्या पुतण्याचेही रक्ताळले.

हा पुतण्या चौथीत असताना शाळेमागच्या माळाला भर घालून मैदान रुंद करायचे ठरले. टेप घेऊन दोन माणसे आली. त्यांनी चार कोपऱ्यांवर चुना टाकला, चहा घेतला आणि “पुढच्या वर्षी इथे सामने घ्या” असे पोरांना सांगून ती गेली. पहिल्या पावसात चुना वाहून गेला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की कागद वर गेला आहे. वर म्हणजे कोठे, हे मला अजून समजलेले नाही. ज्या ज्या कचेरीत मी गेलो, तेथील मंडळींनी कागद दुसऱ्या कचेरीत असल्याचे मोठ्या आपुलकीने सांगितले.

मैदान होईपर्यंत निदान खरे मैदान कसे असते ते तरी पोराने पाहावे, म्हणून मी त्याला बालेवाडीला नेले. सकाळच्या एस. टी.ने स्वारगेट, तेथून शहरबसने बालेवाडी, आणि संध्याकाळचा सामना संपला की परतीची गाडी नाही म्हणून रात्री मेव्हण्याच्या धनकवडीच्या खोलीवर मुक्काम. एका सामन्याचे दोन दिवस होत. पायऱ्या चढून वर आल्यावर पोराने ते हिरवेगार मैदान पाहिले आणि कितीतरी वेळ तो बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, “नाना, एवढं सपाट! ह्यात भात का न्हाई लावत?”

त्या दिवसापासून आम्ही पाठीराखे झालो. पाठीराखा झाला, की माणसाला हक्काने कुरकुर करता येते. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी आहे. त्यामुळे खेळाडू दूर दिसतात आणि आपली आरोळी त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, याची शंका राहते. फुटबॉलचे स्वतंत्र मैदान पाहिजे, बाके जवळ पाहिजेत, रात्रीची बस पाहिजे, असे आमच्या रांगेतली मंडळी दर सामन्याला बोलत आणि कोणीतरी हमखास म्हणे, “पुढच्या सीझनला होणार आहे.” मुंबईकरांचे हाल तर आमच्याहून मोठे. कूपरेजचे नूतनीकरण लांबले, त्या काळात मुंबई एफसीला आपले घरचे सामने खेळायला पुण्याला यावे लागे. घरचा सामना आणि वाटेत खंडाळ्याचा घाट!

पुतण्याने एकदा क्लबाला पत्रही लिहिले. ‘आपले स्वतःचे मैदान कधी होणार? आमच्या गावचेही व्हायचे आहे,’ असा मजकूर होता. उत्तर आले नाही. “पत्र मराठीत होते म्हणून असेल,” अशी मी त्याची समजूत घातली. पण तो क्लबाच्या नावाची चिठ्ठी वहीला चिकटवून शाळेत जातच राहिला.

आणि एके दिवशी टीमच राहिली नाही.

आमची टीम कोणती, ते सांगत नाही. गेलेल्याचे नाव काढू नये. पुण्यात तेव्हा काही मोठे संघ होऊन गेले. पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१४-१५ च्या हंगामानंतर लीगमधून गेला. डीएसके शिवाजियन्स त्या लीगमध्ये दोन हंगाम खेळले, २०१७ पर्यंत. एफसी पुणे सिटी २०१४ साली सुरू झाला आणि २०१९ साली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मुंबईतही तेच. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, मुंबई एफसी २०१७ साली.

बातमी ऐकून पुतण्याने मला विचारले, “नाना, आपली टीम शेवटची आली न्हवती. मग गेली कशी?”

जत्रेच्या कुस्तीत जो पडतो तो बाहेर जातो. न पडलेला बाहेर कसा जातो, हे मला पोराला सांगता आले नाही. मोठ्या माणसांचे उत्तर मला ठाऊक होते. टीम चालवायला पैसा लागतो, तिकिटांवर तो निघत नाही, आणि ज्याने पैसे घातले त्याला ते थांबवण्याचाही अधिकार आहे. हिशेबाच्या दृष्टीने सारे बरोबर. पण त्या हिशेबाच्या वहीत एस. टी.चे भाडे, धनकवडीची रात्र आणि ओरडून बसलेला पोराचा घसा यांचे खातेच नव्हते. आम्ही इतके दिवस ‘आमची टीम, आमची टीम’ म्हणत होतो. तो शब्द आमच्याशिवाय कोणी लिहून ठेवला नव्हता.

कोल्हापूरला हे घडणार नाही, असे मला वाटते. तेथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले, की निम्मे शहर तिकडे धावते. तेथील संघ तालमींचे आणि मंडळांचे, पेठांतून वाढलेले. कधी कधी पाठीराखे हातघाईवर येतात आणि सामना थांबतो, हा त्यांचा दोष. पण तालमीची टीम कोणी परगावी नेऊ म्हणेल, तर त्याला आधी पेठ उचलून न्यावी लागेल!

लंडनच्या विम्बल्डन क्लबावर आमच्यासारखीच पाळी आली होती. क्लब दूरच्या मिल्टन कीन्सला नेण्यास मंजुरी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी २००२ साली स्वतःचा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली आणि २०२० साली आपल्या जुन्या वस्तीत, प्लाउ लेनला, नवे मैदान उभे केले. अर्थात, क्लब लोकांचा असला म्हणजे विटा भराभर चढतात असेही नाही. बार्सिलोनाचा क्लब लाखाहून अधिक सभासदांच्या मालकीचा. त्यांनी मैदान वाढवायला २०२३ साली काम काढले, २०२४ च्या अखेरीस परतायचे ठरवले आणि परतले नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेही अपुऱ्या बांधकामात. पण तेथला सभासद उभा राहून ‘उशीर का?’ असे विचारू शकतो, आणि पटले नाही तर निवडणुकीत अध्यक्ष बदलू शकतो. आमच्या पत्राला तर उत्तरही आले नव्हते.

पुतण्या आता पुण्याला नोकरी करतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तो रजा काढून आला होता. गाव हजर होते, पाण्याचा विषय झाला, रस्त्याचा झाला, मंडळी उठायच्या बेतात होती, तेव्हा हा उभा राहिला. “शाळंमागच्या मैदानाचं काय झालं? मी चौथीत असताना चुना टाकला होता.” काही जण हसले. पण खाचराचा मालक, जो दर वर्षी आधी ‘नाही’ म्हणतो, तो मागून म्हणाला, “इचारतोय ते लिवून घ्या. दर साल माझंच खाचर तुडवायचं काय?” प्रश्न वहीत लिहिला गेला. खाली पुष्कळांनी सह्या केल्या. मीही केली.

मैदान अजून झालेले नाही. भात कापणीला आले आहे. भारे खळ्यावर गेले, की पोरे कारवीच्या काठ्या घेऊन खाचरात उतरतील. पुतण्याने पुण्याहून त्यांच्यासाठी नवा चेंडू आणला आहे. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, हे त्याने मला जाताना दोनदा बजावले.