चाकोरीबाहेरची गाडी

मराठीचा प्राध्यापक म्हणून 'चाकोरी' हा शब्द मी वर्षातून निदान पन्नास वेळा तरी वापरत असेन. अमक्या कवीने चाकोरी मोडली, तमक्याची कथा चाकोरीबाहेरची, असे एकदा फळ्यावर लिहिले की निम्मा तास सुखाने पार पडतो. पण चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल वाट, हा त्या शब्दाचा मूळचा, चिखलाने माखलेला अर्थ मला कुणा समीक्षकाने नव्हे, माझ्या भाच्याने दाखवला. तोही आमच्या वडिलांच्या जीपमध्ये बसवून, भोर तालुक्यातल्या आमच्या शेताच्या कडेला, जुलैच्या पावसात.

'मामा, एकदा चाके चाकोरीत गेली की गाडी आपण चालवत नाही, चाकोरी चालवते,' असे त्याने सांगितले आणि पुढच्या दहाव्या मिनिटाला त्याचे प्रात्यक्षिकही झाले. ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल गेलेल्या त्या दोन चरांत आमची चाके उतरली, मधला उंचवटा जीपच्या पोटाला टेकला, आणि चारही चाके गरगर फिरत असताना गाडी मात्र डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना. शेवटी ज्या ट्रॅक्टरने ती चाकोरी पाडली होती त्यानेच आम्हांला ओढून काढले. दोर सोडता सोडता ट्रॅक्टरवाल्याने विचारले, 'एवढा बरा रस्ता सोडून इकडं कशाला आला होता?' साहित्याच्या चाळीस वर्षांच्या सहवासातही या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही. चाकोरीबाहेर जाणाऱ्याला सगळेच तो विचारतात, आणि विचारणाऱ्याकडे बहुधा ट्रॅक्टर असतो.

जीप अण्णांची. ते पाटबंधारे खात्यात होते. सारी नोकरी त्यांनी सरकारी जीपमध्ये काढली आणि १९९४ साली निवृत्त झाल्यावर, लोक यात्रेला जातात तसे जाऊन महिंद्राची 'एमएम ५४०' घेऊन आले. या जीपची कुळकथा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलीज कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी जी लहानखुरी, चारही चाकांना जोर देणारी गाडी बनवली तिचे हे वंशज. इकडे १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची एक कंपनी निघाली. फाळणीनंतर तिच्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले; १९४८ साली कंपनीच्या नावात दोन्ही बाजूंना महिंद्रच राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत माझगावला बाहेरून आलेले भाग जोडून विलीजच्या जीपा तयार होऊ लागल्या आणि मग धरणे, जंगले, कलेक्टर आणि निवडणुका या सर्वांना त्यांनी चिखलातून ओढून नेले. आमच्या गाडीत पेट्रोलऐवजी प्यूजोच्या परवान्याचे डिझेल एंजिन आहे एवढाच काय तो फरक. अण्णा गेले, गाडी राहिली. ती चालवण्याचे माझ्यात धैर्य नव्हते. भाच्यात ते फाजील होते.

भाचा संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला आहे. दिवसभर तो जे करतो ते हाताला लागत नाही, म्हणून असेल कदाचित, शनिवार-रविवारी त्याला ग्रीसने माखलेले हात हवे असतात. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची शर्यत होते. मूळची ती मलेशियातली. तीत माणसे गळ्याइतक्या चिखलात उतरून आपापल्या गाड्या पोलादी दोराने झाडाझाडांमधून ओढून काढतात आणि वर बक्षिसे घेतात. ते पाहून आल्यापासून अण्णांची जीप त्याच्या डोळ्यांना अपुरी दिसू लागली. त्याने एक यादी केली. गाडी पाच इंच उंच करायची, टायर चार इंच मोठे घालायचे, पुढे विंच म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र बसवायचे, एंजिनाला वरून श्वास घेणारी नळी लावायची आणि डिफरन्शियलला कुलूप.

यादी ताईच्या हाती पडली आणि ताईचा मला फोन आला. 'तू जरा त्याला समजाव. अण्णांची गाडी आहे ती, भंगार नव्हे.' भाच्याचे म्हणणे, भंगार होऊ नये म्हणूनच तर हा खटाटोप. दोघांचेही खरे होते. अशा वेळी घरातल्या प्राध्यापकाला बोलावतात. त्याला निकाल देण्याची सवय नसते, हे सर्वांच्याच सोयीचे असते.

समजावायचे तर आधी समजून घेतले पाहिजे, म्हणून मी त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या एका गॅरेजात तीन-चार रविवार काढले. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. माझ्यासारख्या पामराला डिफरन्शियल समजावे म्हणून त्यांनी गाडी जॅकवर घेऊन एक चाक माझ्या हातात दिले. मी ते पुढे फिरवले की पलीकडचे मागे फिरे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही सोय. बैलगाडीला तिची गरजच नसते. तिची चाके आसावर आपापली मोकळी. मोटारीत मात्र या सोयीचा एक दुर्गुण आहे. एक चाक हवेत लटकले किंवा चिखलात घसरले की फिरणे सगळे त्याच्याकडे जाते, आणि घट्ट जमिनीवर उभे असलेले, काम करू शकणारे चाक ढिम्म राहते. मला आमच्या महाविद्यालयाच्या समित्यांची आठवण झाली. चारही चाकांना जोर मिळत असला तरी पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले की खेळ खलास. 'कुलूप' लावायचे ते यासाठी, की दोन्ही चाकांनी एकत्रच फिरावे. डांबरी रस्त्यावर मात्र ते उघडे ठेवायचे, नाहीतर गाडी वळणालाच नकार देते.

इथवर मी भाच्याच्या बाजूला झुकत चाललो होतो. पण मग मिस्त्रींनी गाडी उंच करण्याचे गणित मांडले. जीपच्या कमानी आसाच्या खालून गेलेल्या असतात. त्या कापून आसाच्या वर बसवल्या की गाडी पाचेक इंच उंच होते. होते खरी, पण उंच होते ती वरची चौकट. आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, जो नेमका त्या उंचवट्यावर टेकला होता, तो होता तिथेच राहतो! त्याला वर उचलायचे तर टायर मोठे हवेत, आणि टायर चार इंच मोठा केला तरी गोळा वर जातो दोनच इंच. त्या दोन इंचांसाठी काय काय द्यावे लागते ते ऐका. मोठे चाक फिरवायला एंजिन अपुरे पडते, म्हणून डिफरन्शियलचे दाते बदलायचे. ते थांबवायला ब्रेक अपुरे पडतात. वळवायला स्टिअरिंग जड जाते. कमानी वर गेल्याने प्रॉपेलर शाफ्ट तिरपा होतो आणि त्याच्या टोकाचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर झिजतात. शिवाय सगळा भार उंचावर गेल्यामुळे तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती, ती वेगळीच.

'सर, गाडीत काही जास्त घातलं की काहीतरी तुटणार,' मिस्त्री म्हणाले. 'कुठं तुटावं एवढंच आपण ठरवायचं. क्रॉस तुटला तर चिखलात बसून अर्ध्या तासात बदलता येतो. तो मजबूत केलात, तर आतले दाते तुटतील.'

इतके स्वच्छ वाक्य मी बऱ्याच प्रबंधांत वाचलेले नाही.

दुसरी अडचण कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवून दिलेल्या रचनेला सोडून वाहनात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली. शर्यतीतल्या अतिकाय गाड्या म्हणूनच ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून नेतात, एखाद्या नवरदेवासारख्या. आमच्या जीपचे तर वय झालेले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिला तपासणीला नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मागची खेप २०२४ साली झाली, पुढची २०२९ ला. कमानी कापल्या तर तीत ती उतरणार नाही, आणि मग अण्णांची गाडी रस्ता सोडून फक्त आडरानात जाणारी होईल. शेतावर मात्र जायचे तर आधी तीस-चाळीस मैल डांबरी रस्त्यानेच जावे लागते.

आडरानाबद्दलही माझे एक मत आहे, ते इथेच सांगून टाकतो. चिखल दिसला की गाडी घालायची, हे मला मान्य नाही. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांवर खडकावर मातीचा थर कुठे कुठे बोटभरच असतो आणि पावसाळ्यानंतरची सगळी फुले त्या बोटभर मातीत येतात. तिथून एकदा मोठे टायर गेले की पाणी त्या चाकोरीतून वाहते आणि माती घेऊन जाते. भाच्याला हे मी ऐकवले. तो म्हणाला, 'म्हणून तर आपल्याच शेतात जातो.' त्याचा मुद्दा बरोबर होता. विंचचा दोर झाडाला बांधतानाही तो आधी रुंद पट्टा गुंडाळतो, साल कापू नये म्हणून. आणि ताणलेल्या दोरावर जाड गोधडी टाकतो, म्हणजे दोर तुटलाच तर उसळण्याऐवजी खाली पडतो. मित्राच्या गाडीवर हे सारे तो शिकला आहे. पोरगा बेफिकीर नाही, हे ताईला मी त्याच दिवशी कळवले.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा शेतावर गेलो. पाऊस तसाच, बांधाकडेची ती जागाही तीच. या वेळी भाच्याने उतरून चारही टायरांतली हवा सोडली. तीस पौंडांवरून अठरावर आणली. त्याच्याही खाली नेत नाही, म्हणाला, आपल्या जुन्या टायरांत ट्यूब आहे. टायर घसरला तर ट्यूबचा वॉल फाटतो. हवा सुटतानाचा फुस्स आवाज संपला तेव्हा टायर थोडे बसके, जमिनीशी सलगी करणारे दिसत होते. मग चाकोरी दोन चाकांच्या मधोमध येईल अशी नव्हे, तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या काठावर राहील अशा बेताने, खालच्या पल्ल्याचा पहिला गिअर टाकून, त्याने जीप माणसाच्या चालीने नेली. एंजिन नुसते गुरगुरत होते. ती पलीकडे पोचली. ना वेल्डिंग, ना एक पैसा खर्च! रुंदावलेल्या टायराने चिखल कापला नाही, त्याच्यावरून तो चालत गेला. पलीकडे भाच्याने पायपंप काढला आणि हवा भरण्याचे काम मात्र मामांकडे आले.

तरी यादीचा मोह सुटला नव्हता. ती सुटली, म्हणजे निम्मी सुटली, गणपतीत. आईला शेतावरच्या घरी गौरीसाठी न्यायचे होते. आई आता ऐंशीची आहे. जीप नवी घेतली तेव्हा तीत चढताना 'हे वाहन आहे का माळा?' असे ती म्हणाली होती आणि अण्णांनी दुसऱ्याच दिवशी वेल्डरकडे जाऊन डाव्या बाजूला एक पायरी जोडून आणली होती. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने त्या पायरीचे काय, हे विचारायला मी कुठेही गेलेलो नाही. भाच्याने खिशातून टेप काढून जमिनीपासून पायरीची उंची मोजली, ती कागदावर लिहिली आणि विचारले, 'आजी, गाडी आणखी पाच इंच उंच केली तर चढता येईल?'

'तुझ्या आजोबांनी पायरी केली होती,' आई पायरीवर पाय ठेवत म्हणाली, 'तू जिना कर.'

कमानी आता आसाच्या खालीच राहणार आहेत. टायर मूळच्याच मापाचे, फक्त खोल नक्षीचे घ्यायचे ठरले. डिफरन्शियलच्या आणि गिअरबॉक्सच्या श्वासाच्या भोकांना रबरी नळ्या जोडून त्या वर, एंजिनाच्या खोलीत नेल्या आहेत. गरम गोळा एकदम ओढ्याच्या थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाऊन तेलाचे ताक होते, ते आता होणार नाही. पुढे-मागे चासीला ओढून काढण्याचे भक्कम हूकही आले. विंचचे अजून भिजत पडले आहे. मिस्त्री म्हणतात, नाकावर पस्तीस-चाळीस किलो वाढले तर पुढच्या कमानींत एकेक पाटा वाढवावा लागेल. भाचा म्हणतो, वाढवा, पण पायरी किती वर जाईल ते आधी सांगा.