महाडच्या वाटेवर मुलांसोबत

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चाळीतल्या तीन कुटुंबांनी वर्गणी काढून गाडी ठरवली आणि आम्ही महाडला निघालो. मोठी माणसे सहा, मुले सात. मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मोठ्यांना या अंतराचे काही वाटत नाही; पण पनवेल मागे पडते न पडते तोच "अजून किती लांब?" सुरू झाले.

पालकहो, लांबच्या प्रवासात मूल रडते ते बहुधा हाताला काम नसल्यामुळे. मोबाईल दिला की तासभर शांतता मिळते. पण मान खाली घालून बसलेल्या मुलाला गाडी लागते आणि बाहेरचे जगही दिसत नाही. म्हणून आम्ही कामे वाटून दिली. एकाने किलोमीटरचे दगड वाचायचे. एकीने वहीत नद्यांची नावे लिहायची. दोघांनी समोरून येणाऱ्या एस.टी.च्या पाट्या वाचून गावांच्या नावांच्या भेंड्या लावायच्या. जिला गाडी लागते तिला खिडकीशी बसवून आवळासुपारी दिली. पाताळगंगा आली, गणपतीच्या मूर्तींचे पेण आले, नागोठण्याला आंबा नदी, कोलाडला कुंडलिका. वहीचे पान भरू लागले. चपाती, बटाट्याची भाजी आणि गूळ-शेंगदाणे झाडाच्या सावलीत बसून खाल्ले.

माणगावच्या पुढे मात्र रस्त्याच्या कामामुळे गाडी अडकली. ऊन मी म्हणत होते. पाण्याचा कॅन केव्हाच संपला होता. भेंड्या थांबल्या, धाकट्याने भोकाड पसरले. तेव्हा आजी म्हणाल्या, "गप बस बाळा. तहानलेल्या पोरांचीच गोष्ट सांगते."

ती १९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून चार मुले वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली. त्यांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव होते. नवे कपडे, नव्या टोप्या, पायांत नवे बूट. आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली, पण पत्र न मिळाल्याने न्यायला कोणीच आले नाही. जात कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन एक जण राजी झाला, तोही गाडीबरोबर चालत. बैल मुलांनीच हाकले. रात्री नाक्यावर मुक्काम पडला. डबा भरलेला होता, पण घोटभर पाणी मिळेना. पाण्यावाचून घास उतरेना. मुले तशीच उपाशी झोपली. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले.

गाडीत कोणी बोलेना. मग धाकट्याने विचारले, "आजी, बैल कोणी हाकले? भीमरावांनी?" आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. अर्धा तास कसा गेला कळले नाही.

गाडी सुटल्यावर पुढच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने माठातले पाणी तांब्याने ओतून सगळ्या बाटल्या भरून दिल्या. आमची थोरली मुलगी हळूच म्हणाली, "यांनी आपली जात नाही विचारली." आजी म्हणाल्या, "इथे नाही विचारली. पण अजून विचारणारी गावे आहेत, हेही ध्यानात ठेव."

महाड जवळ आले तशी पैज लागली, गांधारपाल्याची लेणी आधी कोणाला दिसतात? डोंगरात कोरलेली ती बौद्ध लेणी महामार्गावरूनच दिसतात. मुलांनी एकच गलका केला. पायऱ्या चढताना दिवसभराचा शीण कुणाच्याच तोंडावर नव्हता.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब इथेच ओंजळीने पाणी प्याले. या पाण्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. हे आम्ही शाळेत शिकलो होतो, भाषणांतही ऐकले होते. पण त्या दिवशी दुपारची तहान सोसून आलेली मुले पायऱ्यांवर गप्प बसून पाण्याकडे पाहत होती, त्यांना आम्हाला काहीच समजावून सांगावे लागले नाही.

पुढच्या वेळी आम्ही पाण्याचे दोन कॅन घेणार आहोत. गोष्ट मात्र पुन्हा तीच सांगा, असे धाकट्याने बजावले आहे.

घरी आल्यावर वही उघडून पाहिली. नद्यांच्या यादीत शेवटी 'चवदार तळे' लिहिले होते. "अगं, तळे म्हणजे काही नदी नव्हे," आम्ही म्हणालो. मुलगी म्हणाली, "असू दे. पाणीच आहे ना?"

आम्ही ते खोडले नाही.