वेळापत्रकातला रिकामा गुरुवार



जूनमध्ये नात कोरा कागद घेऊन आली. "दादी, तुमचा हिशेब कधी चुकत नाही. माझ्या क्लॅटचं वेळापत्रक तुम्हीच करून द्या." ती बारावी कॉमर्सला आहे आणि तिला वकील व्हायचंय. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हातात साधारण २६ आठवडे होते.

मी जुन्या काळातली बी.कॉम. आणि घरखर्चाची वही आजही माझ्याच हातात. पट्टी घेऊन बसले. विषय पाच: इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क आणि गणित. प्रत्येकाला रोज एक तास, वर उजळणीचा एक. कॉलेज, ट्यूशन, जेवण धरून पहाटे ५ ते रात्री १० असा कागद भरला. एकही घर रिकामं ठेवलं नाही. प्रत्येक घरात टिक करायला छोटा चौकोन. कागद फ्रिजवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवला.

सूनबाई एकदाच म्हणाली, "मम्मी, जरा जास्त होतंय का?" मी म्हटलं, "या वयात नाही करायचं तर कधी?"

जून, जुलै, ऑगस्ट, सगळे चौकोन भरत गेले. सराव परीक्षेचे मार्क मात्र होते तिथेच. मला वाटलं, पोरीला अजून एक तास वाढवावा.

पर्युषण आलं. संवत्सरीला तिने उपवास केला होता. प्रतिक्रमणानंतर घरी सगळे एकमेकांची क्षमा मागत होतो. ती माझ्या पाया पडली आणि उठेचना. म्हणाली, "दादी, मिच्छामि दुक्कडम्. त्या टिका अर्ध्याहून जास्त खोट्या आहेत. तुम्ही रोज बघायच्या, म्हणून करत होते."

मला राग नाही आला. लाज वाटली. खोटं तिने लिहिलं, पण खरं लिहायला मी जागाच कुठे ठेवली होती? झालं की टिक, एवढंच. अर्धं झालं, डोकं दुखत होतं, समजलंच नाही, याला रकाना नव्हता. आपण पच्चक्खाण घेतो तेव्हा पहिल्याच दिवशी अठ्ठाई घेत नाही. आधी नवकारसी, मग पोरसी, झेपेल तसं पुढे. अभ्यासाच्या बाबतीत मात्र मी पोरीला पहिल्याच दिवशी मासखमण दिलं होतं. मीही तिला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं आणि फ्रिजवरचा कागद काढला.

दुसऱ्या दिवशी पारणं झाल्यावर दोघी पुन्हा बसलो. आधी पेपर कसा असतो ते तिने मला समजावलं. ते मी जूनमध्येच विचारायला हवं होतं. १२० प्रश्न, १२० मिनिटं. चालू घडामोडी आणि कायदा यांचे प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न, इंग्रजी आणि तर्काचे २२ ते २६, गणिताचे फक्त १० ते १४. आणि मी गणिताला सगळ्यांइतकाच वेळ दिलेला! हिशेब येणाऱ्या बाईने हिशेबातच चूक केली. शिवाय कायद्याची कलमं पाठ करायची नसतात. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो पुढच्या प्रसंगाला लावायचा. म्हणजे खरी कसोटी शांतपणे वाचण्याची.

मग नवीन बांधणी केली. सामायिकाचं वाळूचं घड्याळ तिला दिलं. सामायिक ते सामायिकच, त्याची बरोबरी नाही. पण ४८ मिनिटं एका जागी बसायची सवय तिला लहानपणापासून आहे, तेवढं माप घेतलं. रोज अशा तीन बैठका. सकाळी वर्तमानपत्र आणि त्याची टिपणं. कॉलेजनंतर कायदा किंवा तर्क. चौविहाराचं जेवण आटोपलं की इंग्रजी, आठवड्यातून दोनदा त्याजागी गणित. गुरुवार पूर्ण रिकामा, मागे राहिलेलं भरून काढायला. काही राहिलं नसेल तर खुशाल झोपावं.

रविवारी दुपारी २ ते ४ पूर्ण पेपर, कारण खरी परीक्षाही त्याच वेळेला असते. मोबाइल माझ्या कपाटात. उत्तरं पेनाने गोल काळे करूनच. संध्याकाळी त्याच पेपरची तपासणी.

टिकांचे चौकोन गेले. आता ती खरी मिनिटं लिहिते. ४८ लिहिते, २० लिहिते, कधी शून्यही. चुकांची वेगळी वही आहे, रोजमेळासारखी. चार रकाने: माहिती नव्हती, नीट वाचलं नाही, घाई केली, अंदाज मारला. चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. महिन्याची बेरीज केली तर सगळ्यात मोठा आकडा "नीट वाचलं नाही" खाली निघाला. अभ्यास वाढवून ही चूक गेली नसती. झोप वाढवल्यावर कमी झाली.

परीक्षा आता तीन आठवड्यांवर आली आहे. नवीन पुस्तक उघडायचं नाही, ती वही आणि रविवारचा पेपर एवढंच ठरलंय. मार्क हळूहळू वर सरकलेत. प्रवेश मिळेल की नाही, ते कर्म आणि कष्ट जाणोत. पण काल तिने मिनिटांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि वही स्वतःहून माझ्यासमोर ठेवली. "दादी, आज नाही झालं."

मी म्हटलं, "बरं. उद्या गुरुवार आहे."