मोंढ्यातील नवा मुनीम

लातूरची फटका तूरडाळ आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यातील हळद, एवढाच माझ्या ऑनलाइन दुकानाचा पसारा. १९१७ साली बांधलेल्या गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकही ज्याने पाहिलेला नाही असे ठाण्याचे गिऱ्हाईक रात्री मागणी नोंदविते, तेव्हा यूपीआयचा भरणा पडताळणे, शिलकेतून माल वजा करणे, पावती काढणे आणि पिनकोडबरहुकूम कुरिअरचे लेबल सिद्ध करणे ही सारी कामे संगणक माझी निद्रा न मोडता उरकतो. परंतु रोजकीर्दीतील संशयास्पद रकमेवर बोट ठेवून मालकाकडे पाहणारा जुना मुनीम निराळा आणि चुकीचा हुकूमही तितक्याच निष्ठेने बजावणारा हा नवा मुनीम निराळा. म्हणून जे काम आपण स्वतः हंगामभर हाताने केलेले नाही, ते त्याच्या स्वाधीन करू नये, या मताचा मी आहे.

या धंद्याची खरी मेख भाड्यात आहे. पार्सलची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, आणि तो आकडा व प्रत्यक्ष वजन यांत जे अधिक त्यावर आकारणी करतात. पापडवाला त्यामुळे हवेचेही भाडे भरतो, डाळवाल्यावर ती पाळी येत नाही, पण डाळ जड आणि नफा तुटपुंजा असल्याने अर्ध्या किलोची पुडी धाडणे म्हणजे पदरमोड करून दानधर्म करणे होय. सबब पाच किलोंहून कमी डाळ हळदीसोबतच द्यावी, असा दंडक मी यंत्रास घालून दिला आहे. माल पोचल्यावर रोख देऊ म्हणणाऱ्यास मात्र मी स्वतः दूरध्वनी करतो, कारण नाकारलेल्या पार्सलाचे भाडे अखेर विक्रेत्याच्याच माथी बसते.

भावही मी स्वतःच ठरवितो. नव्या तुरीची आवक वाढली की सौद्यात दर हलतो. शिवाय मिलमधून आलेल्या डाळीत ओल किती, हे दाणा दाताखाली फोडल्यावाचून कळत नाही, आणि ओलसर डाळ पावसाळ्यात पिशवीत कोंडली तर तिला बुरशी धरते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो: पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत आणि बांधणाऱ्याचा पत्ता हवाच, आणि १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे. या दोन जिल्ह्यांतील जे तरुण हा उद्योग आरंभू इच्छितात त्यांना माझी विनंती आहे, की संगणकप्रणालीवर खर्च करण्यापूर्वी उत्तम वजनकाटा घ्यावा आणि वैधमापन खात्याकडून त्याची पडताळणी करून मुद्रांकन करून घ्यावे.